रान आणि शाळा : खानदेशातली जुनी ताटातूट



स्मरणिकेसाठी लेख पाठव असा निरोप आला, तेव्हा शाळेच्या आठवणी लिहाव्यात असंच मनात होतं. पण आठवणी बाकीचे लिहितीलच, आणि वर्गातल्या खोड्या माझ्यापेक्षा खुलवून सांगणारे आपल्यात पुष्कळ आहेत. म्हणून मी थोडा इतिहास लिहायचं ठरवलं. शिक्षणाने मी अभियंता, काम सॉफ्टवेअरचं. इतिहास शिकवणाऱ्या सरांना हे वाचताना हसू येईल. तरी लिहिते, कारण एक प्रश्न बरीच वर्षं डोक्यात आहे : मुलांनी घराबाहेर, झाडांत, मातीत, उजेडात किती वेळ घालवावा?

पुण्यात आमच्या सोसायटीत पालकांची या विषयावर अधूनमधून चर्चा होते. चर्चा चालू असताना मुलं आत मोबाईलवर असतात. तिथे एक वाक्य हमखास येतं : "आमच्या वेळी असं नव्हतं. आम्ही दिवसभर उन्हातान्हात हुंदडायचो." ऐकायला बरं वाटतं. पण 'आमच्या वेळी' म्हणजे नेमकं कधी, आणि 'आम्ही' म्हणजे कोण? खानदेशापुरतं मागे जाऊन पाहिलं तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. इथे रान भरपूर होतं आणि शाळाही होत्या, पण दोन्ही एकाच मुलाच्या वाट्याला क्वचित आल्या. ज्याच्याकडे रान होतं त्याला शाळा नव्हती, आणि ज्याला शाळा मिळाली त्याचं रान हळूहळू सुटत गेलं. जिथे ही दोन्ही एकत्र आली, तिथे बहुतेक वेळा कोणीतरी मोठ्या माणसाने ती मुद्दाम एकत्र आणली होती. अशा काही जागा या लेखात सांगते.

पाटणादेवीचा मठ

चाळीसगावजवळच्या पाटणादेवीला आपल्यापैकी बहुतेकजण गेलेले आहेत. चंडिकादेवीचं जुनं मंदिर, तिन्ही बाजूंनी डोंगर, वर पितळखोऱ्याची लेणी. १९८६ पासून हा सगळा भाग गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात मोडतो. सहलीला गेलं की आपण दर्शन घेतो, पाऊसपाणी चांगलं असेल तर धबधबा पाहतो, डबे उघडतो आणि अंधार व्हायच्या आत परततो.

याच ठिकाणी एक शिलालेख आहे. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. लेख शके ११२८ चा, म्हणजे इसवी सन १२०७ च्या सुमाराचा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी होता. आजोबांच्या ग्रंथांचं अध्ययन चालावं म्हणून त्याने इथे मठ स्थापन केला आणि त्या मठाच्या खर्चासाठी दानं दिली गेली, असा त्या लेखाचा आशय. आजच्या शब्दांत सांगायचं तर डोंगराच्या कुशीत गणित आणि खगोलशास्त्राची निवासी शाळा.

आता ज्या ग्रंथांसाठी ही शाळा निघाली ते पाहा. भास्कराचार्यांची 'लीलावती' ११५० सालची. गणिताचं पुस्तक, पण त्यातली उदाहरणं वर्गात सुचलेली वाटत नाहीत. भुंग्यांचे थवे, हंस, माकडं, मोर आणि साप, तळ्यातलं कमळ अशी सगळी मंडळी त्यात आहेत. कमळाचं उदाहरण माझ्या शब्दांत सांगते. तळ्यात कमळाची कळी पाण्याच्या वर अर्धा हात उभी आहे. वारा आला, दांडा कलला आणि कळी मूळ जागेपासून दोन हातांवर पाण्यात टेकली. तर पाणी किती खोल? उत्तर पावणेचार हात. नववीत आपण पायथागोरसचं प्रमेय शिकलो, त्याच रीतीने हे सुटतं. पाण्याची खोली, पाण्यावरचे दोन हात आणि कललेला दांडा यांचा काटकोन त्रिकोण होतो. तळ्यावर उभं राहून दांडा कलताना ज्याने पाहिला असेल, त्याला हा त्रिकोण कोणी काढून दाखवावा लागत नाही. ज्याने पाहिला नसेल तो सूत्र पाठ करतो.

अर्थात अशा मठाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. त्याच डोंगरांत ढोरं चारणारी पोरं असतीलच. त्यांना तळं आणि कमळ रोज दिसत होतं, पण खोलीचा हिशेब त्यांच्यापर्यंत पोचायला वाट नव्हती. ताटातूट म्हणते ती ही.

१९०७ : जळगावचं कविसंमेलन

पाटण्यापासून सातशे वर्षं पुढे येऊ. १९०७ साली जळगावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं. धरणगावात जन्मलेला सोळा-सतरा वर्षांचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे तिथे उभा राहिला आणि त्याने कविता म्हटली. वडिलांच्या बदलीच्या नोकरीमुळे त्याचं बालपण खानदेशातल्या निरनिराळ्या गावी गेलं होतं. अध्यक्षांनी त्या संमेलनात त्याला 'बालकवी' ही पदवी दिली आणि पुढे महाराष्ट्राने तेच नाव लक्षात ठेवलं. हे सगळं आपण मराठीच्या तासाला शिकलो.

ते अध्यक्ष कोण होते, हे मात्र मला फार उशिरा कळलं. डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. लष्करी सेवेतले डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. भारतातल्या औषधी वनस्पतींवरचा 'इंडियन मेडिसिनल प्लँट्स' हा मोठा ग्रंथ त्यांनी बी. डी. बसूंच्या सोबतीने केला. तो १९१८ साली प्रसिद्ध झाला, कीर्तिकरांच्या निधनानंतरच्या वर्षी. म्हणजे त्या दिवशी जळगावात एकीकडे पानाफुलांची शास्त्रीय नावं तोंडपाठ असलेला साठीकडे झुकलेला माणूस होता आणि दुसरीकडे त्याच पानाफुलांनी वेडा झालेला पोरगा. दोघंही झाडांकडे पाहत होते, फक्त वेगळ्या डोळ्यांनी. मोठ्याने लहानाला ओळखलं आणि भर सभेत तसं सांगितलं.

'श्रावणमास' आणि 'फुलराणी' ज्या मुलाने पुढे लिहिल्या, त्याच्यासाठी रान हा फावल्या वेळचा छंद नव्हता, त्याचं सगळं शिक्षणच तिथे चाललं होतं. ५ मे १९१८ रोजी भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात ते गेले. वय अठ्ठावीसही पूर्ण नव्हतं. जळगावहून भुसावळला जाताना आपण सगळे भादलीवरून गेलेलो आहोत.

असोद्याची लेक

बालकवींपेक्षा दहा वर्षांनी मोठ्या बहिणाबाई चौधरी. जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, असोद्याचा. लग्न होऊन जळगावात आल्या. ऐन तिशीत वैधव्य आलं. शाळेचं तोंड त्यांनी पाहिलं नाही. पण पेरणीपासून मळणी-उपणणीपर्यंत शेतातलं प्रत्येक काम, जमिनीत रुजणारं बी, विहिरीवरची मोट, सुगरणीचा खोपा हे सगळं त्यांच्या गाण्यांत असं आलं आहे, की शेतकी महाविद्यालयात शिकलेल्या माणसानेही थांबून ऐकावं. असं पाहणं पुस्तकातून येत नाही. त्याला वर्षानुवर्षं एकाच मातीत हात घालावे लागतात.

मुलांना निसर्गात सोडलं की काय मिळतं, याचं उदाहरण म्हणून बहिणाबाईंचं नाव आपण अभिमानाने घेतो. त्यांच्या गोष्टीची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. त्यांची गाणी आज आपल्याकडे आहेत, कारण त्यांचे चिरंजीव सोपानदेव चौधरी आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी ती लिहून ठेवली. बहिणाबाई ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. पुढच्या वर्षी, १९५२ मध्ये, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' हे पुस्तक आलं. रान आईकडे होतं आणि लेखणी मुलाकडे. दोन्ही एका घरात होती म्हणून हे झालं. लिहिता येणारं कोणी नव्हतं अशा किती घरांतली गाणी जात्यावरच विरून गेली असतील, त्याचा हिशेब कोण मांडणार?

२०१८ साली आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव देण्यात आलं. ज्या बाईला शाळा मिळाली नाही तिच्या नावाचं विद्यापीठ, याचा आनंद आहेच. त्या विद्यापीठात जाणाऱ्या मुलांना तिचं शेत ओळखीचं राहावं, एवढीच माझी इच्छा.

अमळनेर : साने गुरुजी

१९२४ साली साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत शिक्षक म्हणून लागले. छात्रालयाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांचे कपडे धुण्यापासून हस्तलिखित 'छात्रालय दैनिक' काढण्यापर्यंत सगळं त्यांनी केलं, हे आपल्याला माहीत आहे. १९३० मध्ये ते सत्याग्रहात उतरले आणि नोकरी सुटली. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात त्यांनी 'श्यामची आई' लिहिली.

हे पुस्तक आपण शाळेत रडत रडत वाचलं. आता ते आई म्हणून पुन्हा वाचलं, तेव्हा त्यातली एक गोष्ट माझ्या प्रश्नाचं उत्तर घेऊन समोर आली. 'श्यामचे पोहणे'. श्यामला पाण्याची भीती वाटते. बाकीची मुलं पोहायला निघतात आणि हा घरात लपून बसतो. आई त्याला शोधून काढते, मारते आणि विहिरीवर पाठवते. गोष्ट कोकणातली आणि काळ शंभर वर्षांहून जुना. मोबाईल नाही, टीव्ही नाही, शिकवणी नाही, तरी मूल घरात लपून बसलेलं आहे! म्हणजे 'पूर्वी मुलं आपोआप बाहेर असायची' हे पूर्ण खरं नाही. काही असायची आणि काहींना कोणीतरी दाराबाहेर काढावं लागायचं. (मारण्याची पद्धत सोडून द्या, त्या आईलाही नंतर मुलाच्या अंगावरचे वळ पाहवत नाहीत.)

त्याच पुस्तकातल्या 'मुकी फुले' या गोष्टीत आई श्यामला झाडावरच्या कळ्या तोडू नयेत, फुलं झाडावर फुलू द्यावीत, असं समजावते. पहिल्या गोष्टीत आई मुलाला निसर्गात ढकलते आणि दुसऱ्या गोष्टीत तिथे वागायचं कसं ते शिकवते. पर्यावरण शिक्षण म्हणून आज जे काही चालतं, त्यातलं महत्त्वाचं या दोन गोष्टींत आलं आहे. शिकवणारं माणूस सोबत हवं, हेही त्यात आलंच.

अंगण आणि कुरण

यापुढची गोष्ट खानदेशातली नाही, ठाणे जिल्ह्यातली आहे (आता तो भाग पालघर जिल्ह्यात येतो). पण या विषयावर महाराष्ट्रात झालेलं सर्वांत धाडसी काम तिथलं, म्हणून ते वगळून पुढे जाता येत नाही.

ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं होतं. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, सोबत अनुताई वाघ. बालवाडी सुरू झाली, पण गरिबांच्या वस्तीवरची मुलं तिथपर्यंत येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली, तिथल्या अंगणात. तीच अंगणवाडी. भारत सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली आणि हा मराठी शब्द देशभर गेला. आज कोणत्याही राज्यातल्या खेड्यात 'अंगणवाडी' म्हटलं की कळतं. त्या शब्दात मुळात 'अंगण' आहे, उघडं आकाश आहे, याची मात्र कोणाला आठवण राहिलेली नाही. अनेक अंगणवाड्या आता एका खोलीत भरतात.

पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम वाढलं, तेव्हा दुसरी अडचण आली. आदिवासी मुलं थोडी मोठी झाली की गुरं राखायला जात. शाळा भरण्याची वेळ आणि गुरं चरण्याची वेळ एकच. आई-बापांना दोष देऊन उपयोग नव्हता. गुरं राखली नाहीत तर घर चालणार कसं? ताराबाई आणि अनुताईंनी शिक्षकालाच कुरणात पाठवलं. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, तिथेच गोष्टी, अक्षरं आणि हिशेब चालले आहेत. या शाळेला त्यांनी नाव दिलं 'कुरणशाळा'.

धुळ्याजवळचं लळिंगचं कुरण आठवा किंवा सातपुड्याच्या पायथ्याची पावरा, भिल्ल, तडवी वस्ती आठवा, म्हणजे ही कल्पना किती आपल्या जवळची आहे ते लक्षात येईल. पाटणादेवीच्या डोंगरात सातशे-आठशे वर्षांपूर्वी जो पोरगा ढोरांमागे राहून गेला, त्याच्यापर्यंत शाळा चालत गेली ती ही अशी. मुलाकडे रान होतं, म्हणून शाळा रानात नेली. आज आपल्या मुलांकडे शाळा आहे. त्यांच्यासाठी हाच उपाय उलट बाजूने करावा लागेल. रान शाळेत आणावं लागेल किंवा शाळा रानात न्यावी लागेल.

आपली शाळा

आता आपल्याकडे येते. ऐंशी-नव्वदच्या दशकातली आपली शाळा. मधल्या सुट्टीत फाटकाबाहेरची मेहरूणची बोरं, चिंचा आणि आवळे. शनिवारी सकाळी कवायत. पावसाळ्यात सामाजिक वनीकरण विभागाची रोपं यायची आणि प्रत्येकाला खड्डा वाटून दिला जायचा. मार्चमध्ये ऊन तापलं की सकाळची शाळा. थंडीत कोणाच्या तरी शेतात भरीत-भाकरी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्यांचा धूर डोळ्यांत. एका वर्षी पाल, एका वर्षी उनपदेव, एका वर्षी पाटणादेवी.

यातलं काहीही आपोआप होत नव्हतं. एस.टी.ची गाडी कोणीतरी डेपोत खेटे घालून ठरवत होतं. पैसे नसलेल्या मुलाचे पैसे कोणीतरी गुपचूप भरत होतं. परतताना दर थांब्यावर कोणीतरी डोकी मोजत होतं. शाळेच्या वेळेबाहेरचं, भत्ता नसलेलं हे काम आपल्या शिक्षकांनी केलं. तेव्हा आपल्याला त्याची जाणीव नव्हती. आज स्वतः चार मुलांना टेकडीवर नेताना दमछाक होते आणि साठ मुलं नेणाऱ्या सर-बाईंपुढे हात जोडावेसे वाटतात.

मुलींच्या बाबतीत तर हे काम दुप्पट होतं. मैत्रिणींनो, आपल्याला आठवेल. मुलगे संध्याकाळी मेहरूण तलावापर्यंत सायकलवर जाऊन यायचे. आपलं बाहेर असणं पंचांगाप्रमाणे चालायचं. आखाजीला निंबाच्या झाडाला झोका, भाद्रपदाच्या शेवटी भुलाबाई, संपलं. एरवी उशीर झाला की दारात आई उभी. अशा वेळी 'शाळेची सहल आहे' एवढं म्हटलं की घरून परवानगी मिळायची, कारण मागणी शाळेची असायची. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलींनी सातपुडा पहिल्यांदा पाहिला तो शाळेमुळे. म्हणून मला वाटतं, बाहेरचा वेळ शाळेच्या वेळापत्रकातून निघाला की सर्वांत आधी मुलींचा निघतो. मुलगे कुठेतरी मैदान शोधून घेतात.

आज काय बदललं

रस्त्यांवर गाड्या वाढल्या, मोकळ्या प्लॉटवर इमारती झाल्या, शिकवण्या वाढल्या. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा तर मोबाईल हीच शाळा झाली, आणि त्या दोन वर्षांत ज्या घरात मोबाईल नव्हता त्या घरातल्या मुलाचं शिक्षण थांबलं. तेव्हा यंत्राला शिव्या देण्याचा माझा विचार नाही, माझं घर त्यावर चालतं. पण माझ्या व्यवसायातली एक गोष्ट पालकांना सांगायला हवी. बहुतेक ॲपवाल्यांना माणूस पडद्यावर किती मिनिटं थांबला हे मोजायचं असतं आणि ती मिनिटं वाढवायची असतात. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो तो उगाच नव्हे. आठ वर्षांच्या मुलाने स्वतःच्या मनाने त्यातून उठावं ही अपेक्षा फार आहे. श्यामच्या आईसारखं कोणीतरी लागतं, मात्र हातात फोक न घेता.

बाहेर असण्याचा नेमका फायदा काय, याची उत्तरं आता मोजमापांतूनही मिळू लागली आहेत. माझ्या मुलीला तिसरीत चष्मा लागला तेव्हा मी या विषयावर वाचायला घेतलं. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांत एक प्रयोग झाला, तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज शाळा सुटताना ४० मिनिटांचा जादा तास, तोही मैदानावर. बाकी सहा शाळांत नेहमीचं वेळापत्रक. तीन वर्षांनी पाहिलं, तर नेहमीच्या शाळांत ३९.५ टक्के मुलांना लांबचं दिसण्याचा दोष सुरू झाला होता, मैदानावर जाणाऱ्यांत ३०.४ टक्के मुलांना. कारण मुख्यतः उजेडाचं मानतात. वर्गात दिव्याचा उजेड काही शे लक्स असतो, बाहेर झाडाच्या सावलीतही काही हजार. भरपूर उजेडात डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवतं आणि वाढत्या वयात डोळ्याचा गोल गरजेपेक्षा लांबट होण्याला त्याने आळा बसतो. तैवानने तर २०१० पासून शाळकरी मुलांनी रोज दोन तास बाहेर असावं असा कार्यक्रमच राबवला.

दुसरा प्रयोग फिनलंडचा, २०२० चा. काही पाळणाघरांच्या अंगणात जंगलातली माती, गवत आणि झुडपं आणून लावली आणि तीन ते पाच वर्षांची मुलं त्यात खेळू लागली. महिन्याभरात त्यांच्या त्वचेवरच्या सूक्ष्मजीवांची विविधता वाढली आणि रोगप्रतिकारशक्ती सांभाळणाऱ्या काही घटकांत चांगला बदल दिसला. पाहणी लहान होती, तिचा डांगोरा पिटायला नको. पण मातीत खेळलेल्या पोराला ओरडण्याआधी थोडं थांबायला हरकत नाही.

जळगावचं ऊन आणि एक प्रस्ताव

कोणी म्हणेल, चीन-फिनलंड ठीक आहे, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मुलांना बाहेर काढून मारायचं का? शंका रास्त आहे. खानदेशात 'बाहेर' म्हणजे सावली आणि वेळ, दोन्ही लागतात. वेळेचं शहाणपण आपल्याकडे होतंच, सकाळची शाळा ही त्याचीच सोय. सावलीला मात्र वर्षं लागतात. आज लावलेला निंब मुलांना अंगाखाली घ्यायला आठ-दहा वर्षं घेईल. म्हणजे आज पहिलीत असलेलं मूल दहावीला जाईल तेव्हा.

शाळेला काय भेट द्यायची यावर आपल्या गटात चर्चा चालू आहे. डिजिटल वर्गाचा प्रस्ताव पुढे आहे आणि या कामात मदत करायला सर्वांनी माझ्याकडे पाहणं स्वाभाविक आहे. ती मदत मी करीन. फक्त माझी विनंती आहे की जमणाऱ्या निधीचा अर्धा भाग मैदानासाठी ठेवावा. शिक्षण हक्क कायद्याने २००९ पासून प्रत्येक शाळेला मैदान असावं असं म्हटलंच आहे. आपल्या शाळेला ते आहे, पण दुपारी अकरानंतर त्यावर उभं राहवत नाही.

माझ्या मनात तीन गोष्टी आहेत. पहिली, मैदानाच्या दक्षिण आणि पश्चिम बाजूंना निंब, करंज, चिंच, वड अशी इथल्या उन्हाला टिकणारी झाडं, आणि एका कोपऱ्यात मेहरूणची बोर. रोपं लावताना फोटो निघतात, पण रोप मरतं ते एप्रिलमध्ये, सुट्टीत. ठिबकसाठी देशभर ओळखल्या जाणाऱ्या गावात राहून आपल्याला झाडाला थेंब पोचवता आला नाही तर काय म्हणावं? पहिली तीन वर्षं उन्हाळ्यात पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाचा मोबदलाही निधीतूनच द्यावा.

दुसरी, आठवड्यातून एक तास झाडाखाली. विषय कोणताही चालेल. परिसर अभ्यासाचा असेल तर उत्तमच, पण भूमितीचाही चालेल. झाडाची सावली मोजून झाडाची उंची काढणं हे फळ्यापेक्षा तिथे लवकर कळतं.

तिसरी, वर्षाला एक सहल, जिला पैसे नाहीत म्हणून कोणी राहणार नाही आणि मुलगी आहे म्हणून कोणी राहणार नाही. पैशांची बाजू आपला निधी सांभाळेल. दुसऱ्या बाजूसाठी आपल्यापैकी ज्या मैत्रिणी जळगावात आहेत त्यांनी सहलीबरोबर जावं, गरज पडली तर मुलींच्या घरी जाऊन आईशी बोलावं. घरी विचारायला ओळखीची बाई आली की होकार मिळतो, हा अनुभव आपलाच आहे.

पहिली सहल पाटणादेवीची करावी असं मला वाटतं. शिलालेखाची गोष्ट तिथेच सांगावी आणि कमळाचं गणित तिथेच घालावं. मेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला, ऊन चढायच्या आत, मैदानावर जमून झाडांच्या जागा ठरवू. सरांनी आणि बाईंनीही यावं ही विनंती. मोजपट्टी मी आणते.